खोकताना गळते आणि घाईतही गळते: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ५४. दोन बाळंतपणं, दोन्ही साधी. तीन वर्षांपासून खोकला, शिंक, हसणं याबरोबर लघवीचे थेंब जातात. गेल्या वर्षभरात आणखी एक सुरू झालंय. बाहेरून आले की दाराला किल्ली लावेपर्यंत इतकी घाई होते की आत पोचायच्या आधीच कपडे ओले. कुठे जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही. रात्री दोन-तीनदा उठते. वजन वाढलंय, रक्तदाबाची गोळी चालू आहे. एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं, दुसरे म्हणाले या वयात असं चालायचंच. घरात सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, त्यांना डायपर लावावा लागतो. माझंही पुढे तेच होणार का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, तसंच होईल असं अजिबात नाही. सासूबाईंचं कारण बहुधा वेगळं आहे, त्याकडे नंतर येते. वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं. पण वयाबरोबर मोतीबिंदूही होतो, म्हणून कुणी "आता दिसायचं नाहीच" असं म्हणून गप्प बसत नाही.

ऑपरेशनचं म्हणाल तर, ज्यांनी ते सुचवलं त्यांनी तुमची अर्धीच हकीकत ऐकली असावी. तुम्हाला दोन वेगळे त्रास आहेत. दोन्हींत कपडे ओले होतात म्हणून नाव एकच पडतं, पण बिघाड वेगवेगळ्या जागी असतो. एकावर ऑपरेशन चांगलं चालतं. दुसऱ्यावर त्याचा भरवसा नाही, उलट ऑपरेशननंतर घाई वाढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. वीसेक वर्षं हेच काम करते आहे, आणि माझा अनुभव असा की लघवी नेमकी कधी, किती आणि कशी गळते हे बघण्यात एक आठवडा घातला तर पुढचे कित्येक महिने वाया जात नाहीत.

लघवीची पिशवी म्हणजे स्नायूंची थैली. भरत असताना ती सैल पडत जाते, त्यामुळे आत लघवी वाढली तरी दाब फारसा वाढत नाही. दीडशे-दोनशे मिली झाली की पहिली जाणीव होते, आणि धडधाकट पिशवी ३०० ते ५०० मिली आरामात धरते. तिच्या तोंडाशी झडप असते. झडपेचा काही भाग आपोआप मिटलेला राहतो, काही आपण मनाने आवळू शकतो. या सगळ्याला खालून आधार देणारा स्नायूंचा एक पाळणा असतो, पुढच्या जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेला. खोकला आला की पोटातला दाब एकदम पिशवीवर येतो. पाळणा घट्ट असेल तर त्याच क्षणी मूत्रमार्ग त्यावर दाबला जाऊन बंद होतो. बाळंतपण, वजन, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, पाळी गेल्यावरचे बदल यांनी पाळणा सैल झाला की दार नीट मिटत नाही आणि थेंब निसटतात. ही झाली खोकल्याची गळती.

घाईच्या गळतीत दाराचा फारसा दोष नसतो. पिशवी भरलेली नसतानाच आकसायला लागते. एरवी मेंदू तिला "थांब, अजून वेळ आहे" असं सांगत असतो, ते सांगणं कमी पडतं. किल्लीचा प्रकार तर इतका ठरलेला आहे की मी आता स्वतःहूनच विचारते, "दारात होतं का?" आणि समोरची चमकून बघते. रोज घरी आल्याआल्या बाथरूम गाठायची सवय लागली की पिशवीला किल्लीचाच इशारा पुरतो. नळाच्या पाण्याचा आवाज, थंड पाण्यात हात घालणं, हेही तसलेच इशारे.

तुमच्यात दोन्ही आहेत, म्हणजे मिश्र प्रकार. कुठला भाग जास्त सतावतो हे तुम्हीच सांगू शकता. एक खूण लक्षात ठेवा. खोकल्याबरोबर, त्याच क्षणी, थोडेच थेंब गेले आणि खोकला थांबताच थांबले, तर तो पाळण्याचा प्रश्न. खोकून झाल्यावर दोन-चार सेकंदांनी कळ आली आणि मग भरपूर गेली, तर खोकल्याने पिशवीला चाळवलं आणि ती आकसली. ऐकायला दोन्ही "खोकल्याने गळते" असंच, पण उपचार दोन टोकांचे. म्हणून आम्ही भरल्या पिशवीने खोकायला लावतो आणि नुसतं बघतो.

आणखी दोन प्रकार तुमचे वाटत नाहीत, तरी सांगून ठेवते. काहींची पिशवी रिकामीच होत नाही, ती कायम काठोकाठ भरलेली राहते आणि वरचं वर सांडतं. हे मी माझ्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एक वयस्कर बाई आल्या. मधुमेह जुना, सारखी लघवीला जाते, थेंब थेंब गळते, असं म्हणाल्या. मी घाईची गळती समजून पिशवी शांत करणारी गोळी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी त्या ओटीपोट ताठ झालेल्या अवस्थेत परत आल्या, लघवी पूर्ण तुंबलेली. नळी घातली तेव्हा लिटरभराच्या वर निघाली. जुन्या मधुमेहाने पिशवीच्या नसा मंदावल्या होत्या आणि माझ्या गोळीने उरलासुरला जोरही काढून घेतला. तेव्हापासून लघवी करून झाल्यावर पिशवीत किती उरते हे सोनोग्राफीवर बघितल्याशिवाय वयस्कर किंवा मधुमेही माणसाला मी तसली गोळी देत नाही. दुसरा प्रकार म्हणजे दिवसरात्र, उठता-बसता, झोपेत, न थांबता गळणं. अवघड बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवी काढल्यानंतर असं सुरू झालं तर पिशवी आणि योनीमार्गाच्या मध्ये भोक पडलेलं असू शकतं. तिथे व्यायामाच्या नादाला लागायचंच नाही, थेट तज्ज्ञ सर्जन गाठायचा.

आता तुमचा आठवडा. तीन दिवसांची लघवीची नोंदवही करा. एक मापाचा मग घ्या, तो फक्त याच कामाला ठेवा. कधी आणि किती लघवी झाली, कधी आणि किती प्यायलं, कधी गळलं, तेव्हा काय चालू होतं, घाई होती की नव्हती, एवढं लिहा. तीन दिवस सलग नसले तरी चालतील, पण एक दिवस कामाचा आणि एक घरचा असू द्या.

एका वहीतलं पान मला अजून आठवतं. सकाळी ६.३० ला ४२० मिली. ७.२० ला ९०, पुढे लिहिलेलं, "निघायचं होतं म्हणून". ९ वाजता ६०, "घाई". ९.५० ला ७०, "बाथरूम जवळ होतं म्हणून". दुपारी १.१५ ला ११०, "दारात गळली". बाईंचं म्हणणं होतं, पिशवीच लहान झालीय. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. रात्री झोपेत जी पिशवी ४२० मिली धरून ठेवते, ती दिवसा ६० वर हाका मारते आहे. पिशवी लहान झालेली नाही, तिला लहान व्हायची सवय लावली गेली आहे. "जाता जाता जाऊन येते" या प्रत्येक फेरीने ती सवय घट्ट होत जाते. त्या बाईंना गोळी लागली नाही.

वहीतून रात्रीचंही कोडं सुटतं. झोपल्यापासून जमलेली सगळी लघवी, सकाळची पहिली धरून, मोजा. ती चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली, तर दोष पिशवीचा कमी आणि रात्री लघवी जास्त तयार होण्याचा जास्त. मग कारण दुसरीकडे शोधायचं. दिवसभर पाय सुजतात का? सुजेतलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवीवाटे निघतं. अशांनी दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडावं, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जातं. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, तेही बघायचं, कारण तसल्या झोपेत लघवी जास्त तयार होते. साखर वाढली असेल तर दिवसाही आणि रात्रीही वाढते.

रक्तदाबाची गोळी "चालू आहे" एवढंच तुम्ही लिहिलंत, नाव लिहिलं नाहीत. नावाला इथे महत्त्व आहे. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र जागून काढावी लागणारच, ती सकाळी हलवता येते का ते डॉक्टरांना विचारा. अॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटाने काहींना कोरडा खोकला लागतो, आणि तुमच्यासारखीला दिवसभर खोकला म्हणजे दिवसभर ओले कपडे. प्राझोसिनसारखी गोळी मूत्रमार्गाचं तोंड सैल करते. पुरुषांना ते सोयीचं, बाईला गैरसोयीचं. साखरेच्या नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, म्हणजे लघवी वाढणारच. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त लिहिणाऱ्या डॉक्टरांना गळतीबद्दल सांगा. गंमत अशी की हृदयाच्या डॉक्टरांसमोर लघवीचा विषय काढायला लोक लाजतात आणि माझ्यासमोर रक्तदाबाची गोळी विसरतात.

तपासण्या फार नाहीत. लघवीची साधी तपासणी आणि लागली तर कल्चर, रक्तातली साखर, लघवी करून झाल्यावरची सोनोग्राफी, आणि आतून तपासणी. आतून बघताना अंग खाली उतरलंय का, पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी पडलीय का, आणि पाळण्याचा स्नायू आवळता येतो का, हे कळतं. पिशवीत नळी घालून दाब मोजण्याची मोठी तपासणी सुरुवातीला लागत नाही. व्यायामाने आणि गोळ्यांनी भागलं नाही, किंवा ऑपरेशन ठरवायचं असून चित्र गोंधळाचं असलं, तर तिचा विचार.

पाण्याचं आधी सुधारा. सकाळपासून कोरडं राहिल्याने लघवी घट्ट होते आणि घट्ट लघवी पिशवीला चुरचुरते, शिवाय बद्धकोष्ठ वाढतो आणि भरलेलं आतडं पिशवीला मागून ढकलतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, दिवसभर विभागून प्या. झोपायच्या आधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्या. चहा-कॉफी एकदम तोडू नका, डोकं धरतं. आठवड्याला एक कप कमी करत न्या आणि वहीत फरक पडतो का बघा. पडला नाही तर उगाच स्वतःला शिक्षा नको.

व्यायामाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून सगळीकडे केगेल म्हणूनच ओळखले जातात. केगेल स्नायूचा जोर मोजायला एक यंत्र वापरत, म्हणजे बाईला स्वतःला दिसायचं की आवळलं जातंय की नाही. पुढे यंत्र मागे पडलं आणि कागदावरची सूचना तेवढी उरली: "दिवसातून तीनदा आवळा". काय आवळायचं, हे कुणी हात लावून सांगत नाही.

माझ्याकडे "सहा महिने करतेय, काही फरक नाही" म्हणत येणाऱ्या बायकांना मी तपासताना सांगते, माझं बोट आवळा. काही जणी मांड्या दाबतात, काही कुल्ले. काही श्वास रोखून पोट ताठ करतात. आणि काही जणी चक्क खाली जोर देतात, शौचाला बसल्यासारखा. म्हणजे सहा महिने रोज त्यांनी पाळण्याला आधार देण्याऐवजी खाली ढकललं. चूक त्यांची नाही, दिसत नसलेला स्नायू शोधणं अवघडच.

शोधायचा असा. पाठीवर झोपा, गुडघे वर. गॅस अडवताना मागचं तोंड जसं आवळतो तसं आवळा, आणि त्याच वेळी लघवी अडवल्यासारखं पुढचंही, आणि दोन्ही मिळून आत-वर ओढून घ्या. पोट, मांड्या, कुल्ले ढिले. श्वास चालू, शंका असेल तर आवळताना मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास रोखताच येणार नाही. हात योनीमुखावर ठेवलात तर ते आत गेल्यासारखं जाणवायला हवं, बाहेर फुगल्यासारखं जाणवलं तर थांबा आणि कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या. या कामाच्या प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडच्या दोन-तीन भेटी गोळ्यांच्या पाकिटांपेक्षा उपयोगी पडतात.

जमलं की आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा. सुरुवातीला तीन सेकंद धरवलं तरी पुरे, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या, आणि जितका वेळ आवळलं तितकाच वेळ सैल सोडा. प्रत्येक वेळी शेवटी पाच-सहा झटपट आवळ्या. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून, कारण गळती उभं असतानाच होते. किमान तीन महिने. पहिल्या महिन्यात फरक दिसत नाही आणि नेमक्या तेव्हाच बहुतेक जणी सोडून देतात. लघवी करताना धार मध्येच थांबवून बघायचा व्यायाम मात्र करू नका. एकदा स्नायू ओळखायला ठीक, रोज केला तर पिशवी अर्धवट रिकामी व्हायची सवय लागते.

याच स्नायूचा एक लगेच उपयोगी पडणारा डाव आहे. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा आणि मग खोका. वजन उचलताना, खुर्चीतून उठताना तेच. सुरुवातीला हे लक्षात राहत नाही, मग अंगवळणी पडतं. मुद्दाम खोटं खोकून सराव करा.

वजनाबद्दल उपदेश करणार नाही, एक आकडा सांगते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात जास्त वजनाच्या, लघवी गळणाऱ्या ३३८ बायका होत्या, तो २००९ साली छापून आला. सहा महिन्यांत ज्यांनी सरासरी ८ टक्के वजन उतरवलं त्यांची आठवड्यातली गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. ८ टक्के म्हणजे ७५ किलोच्या बाईला सहा किलो. बारीक व्हायची गरज नाही.

घाईसाठी पिशवीला पुन्हा शिकवायचं. घाईची कळ लाटेसारखी असते, चढते, टोकाला जाते आणि उतरते. आपण नेमकं टोकावर असताना धावतो, धावताना पोटावर दाब येतो, लक्ष सगळं तिथेच असतं, आणि सांडतं. तर दारात कळ आली की थांबा. किल्ली हातातच राहू दे. पाय जुळवून उभं राहा, पाळणा पाच-सहा वेळा झटपट आवळा, त्याने पिशवीला सैल व्हायचा निरोप जातो. मनात शंभरापासून सात-सात कमी करत उलटे आकडे मोजा किंवा काहीही करा, फक्त बाथरूमचा विचार नको. लाट उतरली की दार उघडा आणि चालत जा. जमलं तर आधी चपला जागेवर ठेवा, पिशवी खांद्यावरून उतरवा, मग जा. किल्ली आणि लघवी यांची जोडी तोडायची ती अशी. पहिले काही दिवस हरणार, त्या दिवसांत पॅड असू द्या.

बाकी दिवसभर वहीतलं सरासरी अंतर धरा. दर तासाला जात असाल तर सव्वा तासाने जायचं ठरवा, आठवडाभर ते निभलं की आणखी पंधरा मिनिटं वाढवा. तीन-चार तासांवर पोचलात की थांबा, त्यापुढे ताणायचं नाही. किमान सहा आठवडे द्या. आणि "उगाच नको, जाऊन येते" ही फेरी बंद. झोपताना आणि लांबच्या प्रवासाला निघताना तेवढी मुभा.

एवढं नेटाने केल्यावर उरलेल्या घाईला गोळ्या आहेत. हे फक्त घाईच्या गळतीचं औषध आहे, खोकल्याच्या गळतीला ते लागू पडत नाही. जुना गट ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन यांचा. त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, नजर धूसर होऊ शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात त्या चालत नाहीत. वयस्करांत गोंधळलेपणा आणि विसरभोळेपणा वाढू शकतो, त्यातही ऑक्सिब्युटिनिन मी सत्तरीपुढे टाळतेच. दुसरा गट मिराबेग्रॉनचा. तोंड कोरडं होत नाही, पण रक्तदाब थोडा वाढू शकतो. तुमचा आटोक्यात असेल तर चालेल, सुरू केल्यावर मोजत राहा. कुठलीही गोळी चार आठवडे घेतल्याशिवाय "लागू पडत नाही" असं ठरवू नका. पाळी जाऊन आतली त्वचा कोरडी पडली असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम घाईला आणि वारंवारच्या जंतुसंसर्गाला मदत करतं. ते रक्तात फार थोडं उतरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच.

गोळ्याही पुरल्या नाहीत तर पिशवीच्या भिंतीत दुर्बिणीतून बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो. काही जणींना त्यानंतर लघवी पुरती होत नाही आणि काही आठवडे स्वतःच बारीक नळी घालून ती काढावी लागते. ही तयारी आधी मनाशी करा, नंतर नको. घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून हलका विद्युतप्रवाह देणं हा सौम्य पर्याय, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे.

ऑपरेशन शेवटी घेतलं कारण तुमच्यासाठी ते शेवटीच येतं. खोकल्याची गळती व्यायामाने पुरेशी कमी झाली नाही तर ते चांगलं काम करतं. १९९६ मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाच्या मध्याखाली जाळीची अरुंद पट्टी घालायची पद्धत मांडली आणि काही वर्षांत तीच सगळीकडे रूढ झाली. बहुतेक जणींना उपयोग झाला. पण काहींना जाळी आतून टोचणं, कायमचं दुखणं, शरीरसंबंधात वेदना असे त्रास झाले, ते वाढत गेले आणि इंग्लंडमध्ये २०१८ च्या जुलैत तिचा वापर थांबवला गेला. स्वतःच्या पोटाच्या किंवा मांडीच्या आवरणाची पट्टी वापरणं, टाके घालून पिशवीचं तोंड वर उचलणं, मूत्रमार्गाभोवती इंजेक्शनने भर घालणं, हेही पर्याय आहेत. सर्जनना सरळ विचारा: जाळी की माझीच पट्टी? तुम्ही हे नेहमी करता का? नंतर लघवीच झाली नाही तर काय? माझ्या घाईचं काय होईल? चौथ्या प्रश्नावर "ती पण जाईल" असं बेधडक उत्तर आलं तर दुसरं मत घ्या. ऑपरेशन नको असेल तर योनीमार्गात बसवायची रिंग मिळते, व्यायामाच्या आणि धावायच्या वेळेपुरती कितीतरी जणी वापरतात.

सासूबाईंकडे येते. ७९ व्या वर्षी डायपर लागतो तेव्हा बरेचदा पिशवीपेक्षा गुडघे, अंधार आणि कपड्यांच्या गाठी जास्त जबाबदार असतात. बाथरूमपर्यंत पोचायला किती पावलं लागतात आणि त्यांना किती वेळ लागतो, एकदा घड्याळ लावून बघा. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, वाटेवर रात्रीचा दिवा, पटकन सुटणारे कपडे, आणि दर दोन तासांनी "चला, जाऊन येऊ" असं म्हणून सोबत नेणं. विस्मरण असेल तरी हे चालतं, आठवण करून दिली की पुष्कळ जण कोरडे राहतात. रात्रीची धावपळ मला गळतीपेक्षा जास्त भीतीची वाटते, त्यात पडून खुब्याचं हाड मोडतं. बद्धकोष्ठ हमखास तपासा, खडा होऊन बसलेल्या शौचाने लघवी तुंबतेही आणि गळतेही. अचानक, दोन-चार दिवसांत गळती सुरू झाली किंवा वाढली असेल तर आधी जंतुसंसर्ग, नवी गोळी आणि साखर बघा. ओला डायपर वेळेवर बदला, साबणाने खसाखसा घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात लावा. पाळीचे पॅड लघवीला वापरू नका, ते लघवीच्या वेगाला पुरत नाहीत आणि त्वचा ओली ठेवतात. कायमची नळी घालून टाका, अशी मागणी घरचे थकून करतात, मला समजते ती. पण नळी म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. लघवी तुंबत असेल किंवा ओलीने जखमा चिघळत असतील तरच.

घरातल्या पुरुषांसाठी दोन वाक्यं. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर गळती होते, ती बहुतेकांची वर्षभरात बरीच कमी होते, व्यायाम तोच, आणि उरली तर कृत्रिम झडप बसवता येते. पन्नाशीपुढे धार बारीक, जोर करावा लागतो आणि वर गळतेही, असं असेल तर आधी पिशवी रिकामी होते का ते तपासून घ्या.

काही गोष्टींत वही-व्यायामात वेळ घालवायचा नाही. लघवीत रक्त, एकदाच दिसलं तरी. लघवी अजिबात न होणं. गळतीबरोबर पायांत अशक्तपणा किंवा बसायच्या जागी बधिरपणा, शौचावरचाही ताबा जाणं, हे पाठीच्या कण्यात नस दाबल्याचं असू शकतं, त्याच दिवशी रुग्णालयात जा. लघवीबरोबर थंडीताप आणि कुशीत दुखणं. अंगाचा गोळा बाहेर दिसणं.

तुम्ही आता इतकंच करा. तीन दिवसांची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत, आणि स्नायू नीट आवळला जातोय की नाही हे हात लावून सांगेल अशा डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे वेळ. तिथे जाताना एवढं सांभाळा, दारातून निघायच्या आधी लघवीला जाऊन येऊ नका. रिकाम्या पिशवीने खोकून दाखवलंत तर आम्हाला काहीच दिसत नाही.